मीरा-भाईंदर ते जर्मनी : फी माफ असली तरी तयारीला दीड वर्ष द्या

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की दुकानांच्या वरच्या मजल्यांवर ‘स्टडी इन युरोप’च्या पाट्या दिसतात. शनिवारी संध्याकाळी तिथे आई, वडील आणि इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षातलं मूल असे तिघं समोरच्या खुर्च्यांवर बसलेले असतात. वडिलांच्या हातात गुणपत्रिकांची प्लास्टिकची फाईल आणि ओठांवर एकच प्रश्न : ‘खरंच फुकट आहे का हो?’ हा लेख त्या तिघांसाठी आहे. तोही त्यांनी तिथे पैसे भरण्याआधी वाचावा म्हणून.

युरोपात देश पुष्कळ आहेत. फ्रान्स, इटली, नेदरलँड्स, आयर्लंड, सगळीकडे आपली मुलं जातात. तरी मी जर्मनीबद्दलच लिहितो, कारण मध्यमवर्गीय मराठी घराला कर्जात न बुडता परवडू शकेल असा मोठा पर्याय आज तोच आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी शिकत होते. परदेशी विद्यार्थ्यांत हा आकडा सगळ्यात मोठा. आपल्यासाठी ही वाट जुनीसुद्धा आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमध्ये मानववंशशास्त्रात संशोधन करून डॉक्टरेट घेऊन आल्या. सासरे महर्षी कर्वे यांची या प्रवासाला पसंती नव्हती, पैसे कर्जाऊ घ्यावे लागले होते. शंभर वर्षांपूर्वीही घरातली चर्चा पैशांपाशीच अडली होती. म्हणून आपणही आधी पैशांचं बोलू.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरं आहे. सत्रागणिक साधारण १०० ते ३५० युरो वर्गणी भरावी लागते आणि अनेक ठिकाणी त्यातच बस-ट्रामचा पास येतो. अपवाद मात्र माहीत हवेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो फी आहे. श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आणि तिथे मराठी माणसंही भरपूर, पण ते याच राज्यात येतं. कार्ल्सरूह आणि हायडेलबर्गही तिथलीच. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली आहे. मास्टर्सला ती सत्राला ४,००० ते ६,००० युरो पडते. खासगी विद्यापीठांत तर फी असतेच.

फी नसली तरी पहिल्याच वर्षी एक मोठी रक्कम दाखवावी लागते. व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो भरावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर हे सुमारे १२ लाख होतात. अर्ज करायच्या आठवड्यात हा आकडा जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्या. अनेक घरांत हे पैसे फी म्हणून गेलेच असं समजतात. तसं नाही. हे पैसे तुमच्याच मुलाचे राहतात. तिथे पोचल्यावर दर महिन्याला ९९२ युरो त्याच्या खात्यात सुटतात आणि त्यातच त्याने राहायचं, खायचं, विमा भरायचा. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याचा सरकारी आरोग्यविमाच महिन्याला साधारण १४० ते १५० युरो होतो. छोट्या शहरात वसतिगृह मिळालं तर ९९२ मध्ये भागतं. म्युनिकमध्ये खासगी खोली घेतली तर महिनाअखेरीस ओढाताण होते. लायपझिग, केमनित्स, माग्डेबुर्ग ही नावं आपल्याकडे कमी ऐकू येतात, पण राहणीचा खर्च पाहता यादीत ती आधी लिहावीत.

बारा लाख उभे कुठून करायचे? बँकेचं शैक्षणिक कर्ज हा सरळ मार्ग. सरकारी बँका साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात, आणि आपल्याकडे अडचण इथेच येते. घरावर तारणकर्ज घ्यायचं तर इमारतीची कागदपत्रं बँकेच्या वकिलाच्या पसंतीला उतरावी लागतात. मीरा-भाईंदरमध्ये भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या जुन्या इमारती कमी नाहीत. आपलं घर त्यातलं असेल तर ते व्हिसाच्या आदल्या महिन्यात कळून काही उपयोग नाही. मूल तिसऱ्या वर्षाला जाताच सोसायटीच्या सेक्रेटरीकडून भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि कन्व्हेयन्सची प्रत मागून ठेवा. घर चालत नसेल तर गावची जमीन, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी असे दुसरे रस्ते बँकेशी बोलायला तुमच्या हातात वर्षभर तरी राहील. आयकराचंही एक लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या पैशांवर टीसीएस कापला जात नाही आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून रक्कम गेली तर दहा लाखांच्या वरही नाही. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे कोणत्या खात्यातून जाणार हे आधी ठरवा.

कर्जाआधी शिष्यवृत्त्या पाहायच्या. आपण बहुतेक उलट करतो. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देते. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेव्हा याच संस्थेची मदत त्यांना मिळाली होती. अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत घेतात, कार्यालय मुंबईतच आहे. नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन आणि के. सी. महिंद्रा ट्रस्ट बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही आहे. इतर मागास वर्ग, मराठा समाज आणि अल्पसंख्याकांसाठीही राज्याच्या वेगवेगळ्या विभागांच्या आणि सारथीच्या योजना आहेत. कौटुंबिक उत्पन्न किती आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत कितव्या क्रमांकापर्यंत हवं, या अटी दर वर्षीच्या जाहिरातीत वाचाव्या लागतात. उत्पन्नाचा आणि जातवैधतेचा दाखला हाताशी नसल्यामुळे पात्र मुलं बाहेर राहतात, याचं फार वाईट वाटतं. युरोपीय संघाची इरास्मुस मुंडुस शिष्यवृत्ती सगळ्याच देशांतल्या मुलांना खुली आहे. तीत शिक्षण आणि राहण्याचा खर्च दोन्ही येतात. तिचे अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत असतात.

आता गुण. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या मुलाला सीजीपीआय मिळतो. जर्मनीत हिशेब उलटा असतो. तिथे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. बदलण्याचं सूत्र सोपं आहे. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, कमाल गुणांतून पास होण्याचे किमान गुण वजा करून त्याने पहिल्या उत्तराला भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. सीजीपीआय ८ असेल, कमाल १० आणि पासची रेषा ४, तर दहातून आठ गेले दोन, दहातून चार गेले सहा, दोन भागिले सहा गुणिले तीन म्हणजे एक, त्यात एक मिळवून २.०. हेच गणित ७ ला केलं तर २.५ येतं. अनेक अभ्यासक्रमांची प्रवेशरेषा २.५ च्या आसपास असते. म्हणजे ७ च्या वर असलेल्या मुलासमोर दारं उघडी आहेत. साडेसहावाल्यानेही निराश होऊ नये. ज्या अभ्यासक्रमांत जागांवर मर्यादा नसते तिथे अटी पूर्ण केल्या की प्रवेश मिळतो, आणि असे अभ्यासक्रम बरेच आहेत.

गुणांपेक्षा जास्त अर्ज विषयांच्या जुळणीवर पडतात. जर्मन विद्यापीठ पाहतं की पदवीत गणिताचे, प्रोग्रॅमिंगचे किंवा यांत्रिकीचे किती क्रेडिट तुमच्याकडे आहेत. मेकॅनिकलचा मुलगा डेटा सायन्सला अर्ज करतो, सीजीपीआय चांगला असूनही नकार येतो आणि घरात कोणाला कारण कळत नाही. त्या अभ्यासक्रमाची नियमावली उघडून ‘इतके क्रेडिट या विषयाचे हवेत’ ही ओळ शोधा, शेजारी आपल्या सत्रांचे विषय मांडा. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका सोबत जोडली तर तपासणाऱ्याला कळतं की आपल्या विषयात नेमकं काय शिकवतात. तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम झालेल्यांसाठी नियम एकसारखा नाही. काही विद्यापीठं मास्टर्सला घेतात, काही घेत नाहीत. अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला चार ओळींची मेल करून आधी विचारा. उत्तर येतं.

अभ्यासक्रम शोधायला डीएएडी या जर्मन विद्यापीठांच्या संस्थेची मोफत यादी आहे. विषय, भाषा, फी आणि शहर टाकलं की ती गाळून देते. एजंटची यादीसुद्धा बहुतेक याच यादीतून आलेली असते. अनेक विद्यापीठांचे अर्ज ‘युनि-असिस्ट’ या संस्थेमार्फत जातात. पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. म्हणजे पाच विद्यापीठांचा खर्च १९५ युरो. हा आकडा लिहून ठेवा आणि ‘प्रोसेसिंग’चे म्हणून कोणी मागितलेले पैसे त्याच्या शेजारी लिहा. हिवाळी सत्राच्या अर्जांची सर्वसाधारण मुदत १५ जुलै मानतात, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी बरेच इंग्रजी अभ्यासक्रम मार्च ते मे दरम्यानच बंद होतात. जुलैवर विसंबलेल्या मुलाचं वर्ष जातं.

आणि आता एपीएस. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्याला जर्मन व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं, थोडे अपवाद सोडून. नवी दिल्लीतल्या कार्यालयात तुमच्या गुणपत्रिकांची खातरजमा होते. शुल्क १८,००० रुपये. अनेक विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात, त्यामुळे सगळ्यात आधी सुरू करायचं काम हेच. केटी लागलेल्या सत्रांच्या गुणपत्रिकाही सांभाळून ठेवा. त्या लपवायच्या नसतात आणि केटी आहे म्हणून दार बंदही होत नाही.

आपल्या महाराष्ट्रातल्या कागदांची एक खास अडचण इथे येते आणि ती फार कोणी सांगत नाही. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आईचं नाव असतं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात आणि आईचं नाव नावात नसतंच. दहावीच्या प्रमाणपत्रावर एखाद्या अक्षराचा फरक, आधारवर तिसराच. जर्मन कारकुनाला आईचं नाव मुलाच्या नावात का आहे हे कळत नाही आणि हे दोन वेगळे विद्यार्थी आहेत की काय अशी शंका त्याला येऊ शकते. उपाय साधा आहे. प्रत्येक अर्जात, प्रत्येक मेलमध्ये आणि भाषेच्या प्रत्येक परीक्षेत नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, अक्षरसुद्धा बदलू नका. सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून फाईलमध्ये ठेवा. स्पेलिंगमध्येच चूक असेल तर बोर्डाची आणि विद्यापीठाची दुरुस्ती लगेच मागायला घ्या, कारण तिला महिने लागतात. पासपोर्टच नसेल तर याआधी तो काढा. पोलीस पडताळणी मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाकडून होते. भाड्याच्या घरात राहत असाल तर नोंदणीकृत करार तयार ठेवा. ट्रान्सक्रिप्टसाठी मुंबई विद्यापीठाकडे अर्ज करताना बंद पाकिटातल्या दोन-तीन प्रती जास्त मागा. त्यासाठी पुन्हा कालिन्याची खेप होऊ नये.

भाषेबद्दल मी ठाम आहे. मास्टर्स इंग्रजीत होतं, आयईएलटीएसला साडेसहाच्या आसपास गुण असले की बहुतेक ठिकाणी चालतं, म्हणून मुलं जर्मन टाळतात. मग पदवी हाती येते आणि नोकरी येत नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने राहायची परवानगी मिळते. हा काळ उदार आहे, पण मुलाखत जर्मनमध्ये असेल तर तो पटकन संपतो. निघण्याआधी निदान बी१ पातळीपर्यंत पोचा. काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवन आहे. चर्चगेटची लोकल पकडून जायला जमत नसेल तर त्यांचे ऑनलाइन वर्गही असतात. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ए१ सुरू केलं तर चौथ्या वर्षापर्यंत बी१ आरामात होतं. तिथे बँकेत, डॉक्टरकडे, घरमालकाशी, सगळीकडे हीच भाषा कामाला येणार आहे.

बारावीनंतर थेट जायचं असेल तर नियम वेगळे. जेईई ॲडव्हान्स्ड पास असेल तर तांत्रिक विषयांना थेट अर्ज करता येतो. भारतात मान्यताप्राप्त विद्यापीठात पहिलं वर्ष यशस्वी केलं असेल तर त्याच विषयाच्या शाखेत दार उघडतं. यातलं काहीच नसेल तर आधी वर्षभर ‘स्टुडिएनकोलेग’ करावं लागतं आणि त्याच्या प्रवेशपरीक्षेलाच बऱ्यापैकी जर्मन लागतं. माझं मत विचाराल तर पदवी इथेच करावी आणि मास्टर्सला जावं. अठराव्या वर्षी परक्या भाषेत, परक्या थंडीत एकट्याने राहणं सगळ्यांना झेपत नाही. डॉक्टर व्हायचं म्हणून युरोपातल्या एखाद्या देशाची जाहिरात पाहिली असेल तर इतकंच लक्षात ठेवा : ‘नीट’ परीक्षेत पात्र झाल्याशिवाय परदेशात घेतलेली वैद्यकीय पदवी भारतात नोंदणीला चालत नाही, आणि २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा लागतो.

प्रवेशपत्र आलं की व्हिसा. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद मुंबईच्या केंद्रात द्यायचे. १ जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारल्यावर लेखी हरकत घेण्याची जुनी सोय जर्मनीने जगभर बंद केली. आता पुन्हा अर्ज करायचा किंवा जर्मन न्यायालयात जायचं, एवढंच उरतं. म्हणून ‘मला हा अभ्यासक्रम का हवा’ हे पान मुलाने स्वतः लिहावं, दुसऱ्याच्या संगणकावरून उतरवलेलं नको. एकाच दुकानातून निघालेली दहा पत्रं सारखीच वाचली जातात.

दुकानांबद्दल आता स्पष्टच लिहितो. सगळे सल्लागार वाईट नाहीत. कागद नीट लावून देणारे प्रामाणिक लोकही आहेत. पण सरकारी विद्यापीठं सहसा कोणाला कमिशन देत नाहीत, खासगी देतात. म्हणून ‘आमची सेवा मोफत’ म्हणणारा माणूस मुलाला कोणत्या विद्यापीठाकडे ढकलतो ते पाहा. २०२५ मध्ये बर्लिनमधल्या एका खासगी विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांचे वास्तव्य परवाने अडले, कारण अभ्यासक्रम मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन असल्याचं तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाने धरलं. त्या मुलांच्या घरच्यांनी लाखो रुपये फी भरली होती. नाव सुचवलं गेलं की तीन गोष्टी विचारा : सरकारी की खासगी, शिक्षण वर्गात की ऑनलाइन, आणि हा अभ्यासक्रम डीएएडीच्या यादीत आहे का. उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या.

पोचल्यावरचं थोडक्यात. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र येताच करा, यादी लांब असते. खोली न पाहता आगाऊ डिपॉझिट कोणालाही पाठवू नका. दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. या पैशांतून महिन्याचा हात सैल होतो, कर्ज फिटत नाही. ‘तिथे जाऊन कमवेल आणि भागवेल’ असं कोणी सांगितलं तर त्याच्या भरवशावर ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे व्याजाने उचलू नका. म्युनिक, फ्रँकफुर्टला महाराष्ट्र मंडळं आहेत. पहिल्या गणपतीला एकटं वाटलं तर तिथे जावं.

या वर्षी तिसऱ्या वर्षाला असलेल्यांनी मे महिन्यात पासपोर्ट आणि नावांची दुरुस्ती हाती घ्यावी, पावसाळ्यात जर्मनचा वर्ग आणि बँकेची चौकशी, दिवाळीआधी आयईएलटीएस आणि एपीएस, जानेवारीपासून अर्ज, जून-जुलैत व्हिसा. ऑक्टोबरला सत्र सुरू होतं. आणि उत्तनपासून काशिमीऱ्यापर्यंत ज्यांची मुलं आधीच तिकडे शिकताहेत त्यांना एक विनंती : मूल सुट्टीत घरी आलं की त्याला एका संध्याकाळी त्याच्या जुन्या कॉलेजात न्या आणि मागच्या मुलांसमोर बसवा. त्या दोन तासांत त्यांना जे कळेल त्यासाठी आज इथे लोक पन्नास-पन्नास हजार मोजताहेत.